नवव्या गाण्यातली मोकळी जागा

मागच्या आठवड्यात कुणीतरी माझ्या अल्बमखाली लिहिलं, "शेवटच्या गाण्यात मागून म्हणणाऱ्या बाईंचं नाव का दिलं नाही? जरा उशिरा येतात, पण फार गोड येतात."

बिदरजवळ कोळारच्या ज्या डाळीच्या गोदामात मी नोकरी करते, तिथं कचेरीच्या खिडकीशी बसून मी हे वाचलं. बाहेर वजनकाट्यावर यंदाच्या नव्या तुरीची पहिली लॉरी चढत होती. नव्या तुरीला एक वास असतो, वाळल्या शेंगेचा, धुळीचा, किंचित कडू. तो खिडकीतून आत आला. मी मोबाईल टेबलावर पालथा घातला. कारण माझ्या अल्बमात दुसरी बाई नाही. नऊ गाणी आहेत. नऊही मीच लिहिली, मीच चाली लावल्या, मीच गायली. नवव्या गाण्यात फक्त अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हाक आहे आणि त्या हाकेला मी दिलेली ओ आहे. तिसरं कुणी नाही. कुणाला यायला तिथं जागाच नाही. म्हणजे होती, पण ती मी भरून टाकली, आणि तेच तर सगळं दुखणं आहे.

असं विचारणारा हा पहिला माणूस नव्हे. मागच्या पावसाळ्यात उदगीरच्या एका मुलीनं विचारलं होतं, ती मागची मावशी कोण म्हणून. मी उत्तर दिलं, गोदामाचा घुमारा असेल. मग पुण्याहून एकानं विचारलं. 'उशिरा' हा शब्द त्यानंही वापरला होता. ही माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. दोन्ही वेळा मी हसण्यावारी नेलं. हसण्यावारी नेण्यात मी पटाईत आहे, त्या बाबतीत आईवर गेलेय. पण तूर खुळखुळायच्या दिवसांत हसू येत नाही.

हिरवी तूर मुकी असते. वाळली की शेंगेतला दाणा सुटा होतो आणि वारा नुसता चाटून गेला तरी सगळं रान कुजबुजतं. बिदरहून हुमनाबादकडं निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना हा आवाज सोबत चालतो. लहानपणी बसच्या खिडकीशी बसून मला वाटायचं, रानात खूप माणसं बसलीत, आपल्याबद्दलच बोलायलीत, आणि बस जवळ आली की गप्प होतात. आईला सांगितलं तर ती म्हणाली होती, बोलू दे की, चांगलंच बोलत असतील. भीती नावाच्या गोष्टीशी तिचं कधी जमलंच नाही. माझं मात्र आता भर दुपारी, गोदामाच्या पत्र्याखाली बसूनही, जमायला लागलंय.

याच दिवसांत येळवस येते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावात कुणी सापडत नाही, सगळे आपापल्या रानात. दुबलगुंडीच्या आमच्या शेतात अप्पा आदल्या दिवशी कडब्याची कोप उभी करत. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. मग दाण्या-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि बिंदग्यातली आंबील. बिंदगं म्हणजे मातीचं मडकं. पूजा झाली की जेवणाआधी शेताला आंबील शिंपायची. पुढं अप्पा, हातात तांब्या आणि हरभऱ्याचा डहाळा. मागं आई, कमरेवर बिंदगं. बांधाबांधानं चालत जायचं, आणि शेताच्या प्रत्येक कोपऱ्यावर थांबून अप्पांनी हाक द्यायची, "ओलगे ओलगे." मागून आईनं म्हणायचं, "सालम पोलगे." अर्थ विचाराल तर प्रत्येक गावाचा वेगळा. आमच्या घरचा अर्थ एवढाच की नवऱ्यानं हाक मारली आणि बायकोनं ओ दिली, तर शेताला कळतं की घर जागेवर आहे. चार कोपरे, चार हाका, चार ओ.

आईची ओ नेहमी उशिरा यायची. भरलेलं बिंदगं जड, बांध अरुंद, बाजूला करडई. करडईचे काटे लुगड्याला धरायचे, ते सोडवत सोडवत ती मागून यायची. अप्पा कोपऱ्यावर हाक देऊन उभे. एक श्वास जायचा, कधी दोन, मग तिकडून धापेतून आलेला तिचा आवाज. अप्पा दर वर्षी तेच म्हणायचे, की हिची हाक हुमनाबादला बस बदलून येती. आणि दर वर्षी आई तेवढंच हसायची. मी तेव्हा कोपीत बसून उकडलेल्या शेंगा सोलत असायचे. मला वाटायचं, हे काय, हे तर कायमचंच आहे.

आई तीन वर्षांमागं श्रावणात गेली. दोन दिवसांचा ताप, बस्स.

त्याच वर्षीच्या येळवशीला अप्पा बांधावर चालले तेव्हा मागून बिंदगं घेऊन मी गेले. पहिल्या कोपऱ्यावर त्यांनी हाक दिली. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी न वळताच हात जरासा वर केला, वर्गात मुलांना गप्प करायचे तसा. अप्पांनी तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलंय, त्यांचा हात वर गेला की आवाज बंद होतो. मग ते उभे राहिले. एक श्वास गेला. दोन गेले. तिची ओ यायला जेवढा वेळ लागायचा बरोबर तेवढा वेळ, आणि ती म्हणायला जेवढा लागायचा तेवढा. मग मान हलवली आणि पुढच्या कोपऱ्याकडं चालू लागले. चारही कोपऱ्यांवर असंच. मला वाटलं, दुःख आहे, यंदा आहे, पुढल्या साली नसेल.

पुढल्या सालीही तसंच झालं. आणि अप्पांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. आपलं माणूस फाटकापर्यंत आल्याचा आवाज ऐकल्यावर घरातल्याचा चेहरा जसा होतो, तसा होता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्या दुसऱ्या येळवशीला माझ्याजवळ रेकॉर्डर होता. अल्बमचं खूळ डोक्यात शिरलेलं. माझं वय तेव्हा चौतीस, गळा बरा, ओळखी शून्य. कुणी कंपनी माझ्यामागं येणार नव्हती, आणि मीही कुणाच्या दारात जाणार नव्हते. मग मीच कंपनी. हातात मावणारा तो रेकॉर्डर घेऊन मी वर्ष-दोन वर्षं सगळीकडं हिंडले होते. हुमनाबादच्या ढाब्यावर लॉरीवाल्यांच्या गप्पा, बस-स्टँडवरची कानडी घोषणा, दगडी विहिरीत पडणारी बादली, पिंजाऱ्याची तार. काय काय गोळा केलं होतं. फक्त आईचा आवाज नव्हता. एवढी मोठी शहाणी मी, आणि तिचा आवाज नव्हता. ती घरातच तर होती. जे घरात असतं ते कोण भरून ठेवतं?

एकदा प्रयत्न केला होता. ती तूर सोलत बसली होती. मी रेकॉर्डर समोर धरला आणि म्हटलं, आई, येळवशीची ओ म्हण. ती लाजली. म्हणाली काहीतरी, पण तेव्हा बटण दाबलेलं नव्हतं. तिचं म्हणणं होतं, थांब, आधी हात पुसू दे. मी बटण दाबलं. ती पदराला हात पुसू लागली. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी उठून बाहेर गेले, आणि आत आले तोवर ती चुलीकडं गेली होती. ते रेकॉर्डिंग अजून आहे. पदराला हात पुसल्याची सळसळ, आणि मग माझ्या फोनची घंटा. माझी आई माझ्याकडं एवढीच आहे.

तर त्या दुसऱ्या येळवशीला मी अप्पांच्या मागून चालताना बिंदग्याच्या गळ्याला रेकॉर्डर बांधला. चारही हाका घेतल्या. चारही मोकळ्या जागा घेतल्या. घरी येऊन हेडफोन लावले. पहिल्या तीन जागांत वारा, टिटवी, लांबची लॉरी. चौथ्या कोपऱ्यावरच्या जागेत एक सळसळ होती. फार छोटी. पदराला हात पुसल्यासारखी. मी ती दहा वेळा ऐकली, मग जुनं रेकॉर्डिंग काढून शेजारी ठेवून ऐकली. मग हेडफोन काढले आणि स्वतःलाच दटावलं, की बाई, करडईतून चालल्यावर असाच आवाज येतो, शहाणी असशील तर झोपायचं बघ. दुपारचे तीन वाजले होते.

त्याच हंगामात अल्बम झाला. पौष-माघात आमचं गोदाम तुरीनं छतापर्यंत भरतं. मुंबई-पुण्यात गाणाऱ्यांना भिंतींना गाद्या लावलेल्या खोल्या मिळतात म्हणे. मला पोत्यांच्या थप्प्या मिळाल्या. हमालांचे पुढारी मल्लप्पा अण्णा, त्यांना मी माझी अडचण सांगितली. त्यांनी काही न विचारता आतल्या कोपऱ्यात थप्प्या अशा लावल्या, की मधे एक माणूस आणि एक माईक मावेल एवढी पोकळी राहिली. वर ताडपत्री. रविवारी दुपारी गोदाम बंद असायचं तेव्हा मी आत जाऊन गायचे. टाळी वाजवली तर टाळीसुद्धा जागच्या जागी मरायची. आपला श्वास आपल्याला ऐकू यायचा, आणि पाच मिनिटांनी तो आपलाच आहे का अशी शंका यायची. मल्लप्पा अण्णा कन्नड हेलाच्या मराठीत म्हणायचे, की अक्का, पोत्यात आवाज जातो, बाहेर येत नाही. मग मी म्हणायचे, म्हणजे माझी गाणी हैदराबादला लोकांच्या आमटीत जाणार. ते यावर हसायचे नाहीत. खरंच जातील, असं मानून मान हलवायचे.

पहिली गाणी अशी दाट आहेत. कानाला लागून म्हटल्यासारखी. मग लॉऱ्या येत गेल्या, पोती जात राहिली, दर रविवारी माझी खोली थोडी उघडी पडायची. सहाव्या गाण्यापासून आवाजाला मागं शेपूट यायला लागलं. आठव्याला तर उत्तरेकडची भिंत पूर्ण मोकळी. अल्बम सलग ऐकला तर हंगाम उतरत गेलेला ऐकू येतो, आणि हे काही मी ठरवून केलं नव्हतं. लोक त्याचं कौतुक करतात तेव्हा मी ठरवून केल्याचा चेहरा करते.

नववं गाणं अप्पांच्या हाकेचं. चौथ्या कोपऱ्यावरची हाक, मग ती मोकळी जागा, मग माझं गाणं. सगळी गाणी नीट बसवून द्यायचं काम रऊफभाईंकडं होतं. हुमनाबादला त्यांचं मंडप आणि स्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान आहे, आणि मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर. कान असा, की लांबून गेलेल्या लॉरीचं कोणतं चाक बसलंय ते सांगतील. त्यांनी नववं गाणं ऐकलं आणि त्या जागेपाशी बोट ठेवलं. मी त्यांची बाजी, म्हणजे ताई. म्हणाले, "बाजी, ये जगा खाली नक्को छोडो. खाली जगा में कोई भी आके बैठता."

ते तसं सहज म्हणाले. ऐकणारा कंटाळेल, गाणं बंद पडलं असं वाटेल, हा त्यांचा मुद्दा. पण मी तेव्हा त्या सळसळीला घाबरलेली होते आणि घाबरलेय हे कबूल करायची माझी तयारी नव्हती. मग कलाकाराचा आव आणला. स्वतःला सांगितलं, आईची जागा मुलीनं घेणं किती सुंदर. पुढल्या रविवारी गोदामात गेले, थप्प्या जवळजवळ संपलेल्या, माईकसमोर उभी राहिले आणि त्या मोकळ्या जागेत स्वतःच्या आवाजात म्हटलं, "सालम पोलगे." एकदम सुरात. एकदम वेळेवर. माझी तालीम चांगली आहे.

चार दिवसांनी रऊफभाईंचा फोन आला. सगळं झालंय, पाठवतोय. आणि जाता जाता म्हणाले, "दुसरी बाजी बहोत पिच्छे खडे थे, उनकू जरा आगे लिया मैं." मी हौ हौ म्हणून फोन ठेवला. बस-स्टँडवर उभी होते, कंडक्टर ओरडत होता, डोक्यात दुसरंच होतं. रिकाम्या भिंतीच्या घुमाऱ्याला ते दुसरी बाजी म्हणत असतील असं मी धरून चालले. मी त्यांना पुन्हा कधीच विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.

पाडव्याला अल्बम आला. म्हणजे मीच तो मोबाईलवरून वर चढवला आणि मीच स्वतःला पेढा दिला. मग दुबलगुंडीला गेले. अप्पा ओट्यावर बसले होते. त्यांच्या कानात हेडफोन घातले आणि समोर बसून चेहरा बघत राहिले. आठ गाणी त्यांनी गुडघ्यावर बोट आपटत ऐकली. दोनदा तर चक्क मान डोलावली. नववं लागलं, स्वतःची हाक ऐकली आणि ते एकदम ताठ बसले. पुढच्या क्षणी चेहरा उतरला. विझला म्हणा. हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"मधी कामून बोललीस?"

मी सांगू लागले, की गाण्यात एवढी मोकळी जागा बरी दिसत नाही, लोकांना वाटतं बंद पडलं. अप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, जसं ते वर्गात चुकीचं उत्तरही पूर्ण ऐकून घ्यायचे.

"तिला म्हणायचं व्हतं की. आता ती कुठं म्हणंल?"

एवढंच. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते. उलट त्यांनी विचारलं, चहा घेशील का.

तिथून अप्पा मिटत गेले. शेतावर जाणं आधी कमी झालं, मग थांबलं. कोणी विचारलं तर गुडघ्याचं कारण सांगायचे, पण गुडघे बरे होते, मी त्यांना पाणी शेंदताना बघितलंय. मागच्या येळवशीला ते कोपीत बसून राहिले. तांब्या पुढं केला तर म्हणाले, "सगळं भरलंय की आता. मी हाक देऊन काय करायलाव?" शेवटी मी एकटीनं, मुक्यानं, आंबील शिंपून आले. आजूबाजूच्या रानांतून हाका येत होत्या, ओ येत होत्या, आणि आमचं शेत मधे गप्प पडलेलं. जेवताना अप्पांनी एकच उंडा खाल्ला. माणूस हाक मारायचं सोडतो म्हणजे काय सोडतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि तो दगड त्यांच्या तोंडावर मी ठेवला होता, सुरात आणि वेळेवर.

मागच्या आठवड्यातला तो प्रश्न वाचून मी मोबाईल पालथा घातला खरा. पण दुपारभर तो पाठ सोडेना. 'जरा उशिरा येतात.' आईच्या उशिराबद्दल मी कुठं लिहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलं नाही. मला आधी भीती वाटली. मग, खोटं कशाला बोलू, राग आला. संताप आला. उदगीरच्या त्या पोरीला ती ऐकू येते, पुण्याच्या त्या परक्या माणसाला येते, रऊफभाईंना तर इतकी स्पष्ट, की त्यांनी तिला हाताला धरून पुढं उभं केलं. आणि मी, तिच्या पोटची, हेडफोन कानात खुपसून बसले तरी मला फक्त माझा आवाज. माझ्या सुरेल ओ-च्या मागं काही आहे का ते मला कळतच नाही, कारण पुढं मीच उभी आहे. अप्पांचंही तेच झालं असेल. त्यांना मी आडवी आले.

रविवारी गोदामात गेले. हंगामाची सुरुवात, गोदाम रिकामं, दुपारचं ऊन पत्र्यातून टाचणीएवढ्या ठिपक्यांनी जमिनीवर पडलेलं. बाहेर मल्लप्पा अण्णा वजनकाट्यापाशी बिडी ओढत बसले होते. मी लॅपटॉप उघडला, नववं गाणं काढलं आणि त्यातून माझी ओ कापून टाकली. बोट दाबायला मला अर्धा तास लागला. आपलाच गळा आपण काढून टाकणं सोपं नसतं. त्या ठिकाणी शेतातली मूळ जागा परत ठेवली, सळसळीसकट, अप्पा जेवढा वेळ थांबले होते तेवढीच. आणि जुनं गाणं उतरवून नवं चढवलं. आपणच कंपनी असण्याचा हा एक फायदा, चूक दुरुस्त करायला कुणाची सही लागत नाही.

तिसऱ्या दिवशी उदगीरच्या मुलीनं लिहिलं, "तुम्ही बाजूला झालात ते बरं केलं. आता त्या एकट्याच म्हणतात, किती स्वच्छ ऐकू येतं."

मी गाणं लावलं. हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवला. अप्पांची हाक. मग जागा. मग ती सळसळ. बाकी काही नाही. माझ्यासाठी ती अजून हातच पुसतेय. मी रडले, कचेरीतच, आणि मग डोळे पुसून, जिथं गीत, संगीत आणि स्वर म्हणून तिन्हीकडं माझंच नाव होतं, तिथं खाली चौथी ओळ लिहिली. मागून ओ देणारी, आई.

आणि काल येळवस झाली.

सकाळी मी अप्पांना हेडफोन लावले. नववं गाणं. त्यांनी डोळे मिटले. हाक गेली, जागा आली, ती संपली. अप्पांनी डोळे उघडले, उठले, खुंटीवरचा फेटा काढला आणि मला म्हणाले, की बिंदगं भर.

बांधावरून आम्ही निघालो. ज्वारी हुरड्याला आलेली, करडईला काटे धरलेले, पलीकडं तूर खुळखुळत होती. पुढं अप्पा, तांब्या आणि डहाळा. मागं मी, कमरेवर बिंदगं. पहिल्या कोपऱ्यावर ते थांबले. बराच वेळ थांबले. मला वाटलं, येत नाही आता हाक, गेली ती. मग आली. दोन वर्षं न वापरलेली, थोडी फुटलेली, पण आली. "ओलगे ओलगे." मी ओठ घट्ट मिटून घेतले. जागा तशीच ठेवली. मला टिटवी ऐकू आली, हमरस्त्यावरची लॉरी ऐकू आली. अप्पांनी मान हलवली आणि पुढं निघाले.

दुसरा कोपरा. तिसरा. बिंदगं जड होत चाललं होतं, काटे साडीला धरत होते, आणि मला पहिल्यांदा कळत होतं की आई उशीर करत नव्हती, उशीर होत होता. चौथ्या कोपऱ्यावर पोचायला मी घाई केली. अप्पांच्या पाठीला कोपर लागेल एवढी जवळ जाऊन उभी राहिले, बिंदगं सावरलं, श्वास धरला. त्यांनी हाक दिली.

एक श्वास गेला. दोन गेले. माझ्यामागं करडई सळसळली. मी वळले नाही.

अप्पा वळले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून मागं, बांधावर, जिथून आम्ही आलो होतो तिकडं बघितलं, आणि फार दिवसांनी हसले.

"दमानं ये," ते म्हणाले. "घाई न्हाई."

मी तर केव्हाची त्यांच्याजवळ येऊन उभी होते.